निसर्ग कार्यशाळेची लेखनस्पर्धा : पहिल्यांदाच भाग घेणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. त्यानंतर ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. सुरुवात निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी आणि शेवट पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या. याच्या आगेमागे शाळेच्या सूचनाफलकावर एखादी लेखनस्पर्धा लागू शकते : ‘आमच्या निसर्ग कार्यशाळेसाठी तुमचीच निवड का व्हावी, ते ३०० शब्दांच्या पत्रात पटवून द्या.’ बक्षीस म्हणजे थेट कार्यशाळेतली जागा.

सूचना वाचून बहुतेक मुलं निबंधाची वही उघडतात आणि तिथेच चुकतात. निबंधात विषयाची माहिती मांडून झाली की काम संपतं. इथे समोर एक परीक्षक बसलेला आहे, त्याच्याकडे मोजक्या जागा आहेत आणि त्यातली एक तुम्हाला द्यायची की नाही हे त्याला ठरवायचं आहे. निसर्ग किती महान आहे हे त्याला नव्याने सांगावं लागत नाही. त्याला एवढंच कळायला हवं, की या मुलाला किंवा मुलीला इथे येऊन नेमकं काय शोधायचं आहे. पुढचा सगळा खटाटोप त्याचसाठी.

आधी सूचना नीट वाचा

पेन्सिल घेऊन बसा आणि या गोष्टींखाली रेघ मारा : प्रवेश एकट्याचा आहे की अख्ख्या वर्गाचा, इयत्तेचा गट कोणता, शब्दमर्यादा किती, शेवटची तारीख पाठवण्याची की पोहोचण्याची. टपालाने पाठवायचं असेल तर या शेवटच्या फरकावर प्रवेशिका बाद होते. नाव कुठे लिहायचं, हेही बघा. कित्येक स्पर्धांत मजकुराच्या पानावर नाव चालत नाही, वेगळ्या कागदावर लागतं. सवयीने वरच्या कोपऱ्यात नाव, तुकडी, हजेरी क्रमांक लिहिला की चांगलं लिहूनही बाहेर.

मग कार्यशाळेत काय होणार आहे ते वाचा. ही ओळ मुलं हमखास सोडून देतात. सकाळभर नागपुरात अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात फुलपाखरं बघायची असतील आणि तुम्ही पानभर वाघावर लिहिलं, तर सूचना वाचलीच नाही हे पहिल्या परिच्छेदातच कळतं. पेंचच्या सिल्लारीला दोन दिवसांचं शिबिर असेल तर कारणं वेगळी लागतील : रात्रीचे आवाज, ठसे, आकाश. (महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं आकाश दिव्यांच्या उजेडापासून जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. शिबिर रात्रीचं असेल तर हा मुद्दा कामाचा आहे, दिवसाचं असेल तर नाही.)

लिहिण्याआधी बघा

शेवटच्या तारखेला निदान दहा दिवस असताना कामाला लागा. त्यातले पहिले चार-पाच दिवस पत्राची एक ओळही लिहू नका, फक्त बघा.

जागा एकच निवडा आणि ती रोज सहज जाता येईल अशी हवी. शाळेचं मैदान, घरामागची मोकळी जागा, गॅलरीतल्या कुंड्या, कॉलनीतलं उद्यान, काहीही चालेल. रोज पंधरा मिनिटं, पण वेळ बदलून : एकदा सकाळी शाळेआधी, एकदा भर दुपारी, एकदा दिवेलागणीला. वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, काय दिसलं, किती दिसले आणि ते काय करत होते, एवढं लिहा. ‘काय करत होते’ हा रकाना कधीही रिकामा ठेवू नका, पुढचं सगळं लेखन त्यातूनच निघतं. ‘बगळा दिसला’ यातून काही निघत नाही. ‘गायबगळा म्हशीच्या तोंडापाशी चालत होता, ती पुढे सरकली की गवतातून उडालेला किडा टिपत होता’ यातून पत्र निघतं.

पावसाळा संपता संपता नागपुरात बघायला भरपूर आहे आणि त्यासाठी जंगलात जावं लागत नाही. रस्त्याकडेला तरोटा माजलेला असतो. त्याची पानं उलटून पाहिली तर लहान पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या सापडतात. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, महाराजबाग या भागांत जुनी झाडं आहेत, तिथे राखी धनेश हा पक्षी दिसतो. वड-पिंपळ-उंबराला फळं धरली असतील तर जोडीने येतो. तांबट पक्षी दिसायला कठीण, पण त्याचं टुक्‌-टुक्‌ ऐकून मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजता येतं. उन्हाळा संपल्यावर गच्चीवर पडलेल्या कूलरच्या टाकीत पाणी साचलं असेल तर डासांच्या अळ्या दिसतील. श्वास घ्यायला वर येतात, सावली पडली की झरकन खाली जातात. बघून झालं की ते पाणी कोरड्या जमिनीवर ओता. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि त्यात घरच्यांना मुळीच रस नसतो.

तलावाकाठी एकटं जायचं नाही. फुटाळा असो, सोनेगाव असो की गोरेवाडा, मोठं माणूस बरोबर हवं. या दिवसांत गवत गुडघाभर असतं आणि साप बाहेर असतात, म्हणून गवतात हात घालायचा नाही. पाय टाकण्याआधी काठीने गवत हलवायचं.

वहीतून प्रश्न काढा

चार-पाच दिवसांनी वही उघडून बसा आणि ज्या नोंदीपाशी ‘असं का?’ वाटतं, तिच्याभोवती गोल करा. असे गोल दोन-तीनच निघतील. त्यातला असा प्रश्न निवडा, ज्याचं उत्तर पुस्तकात पटकन सापडत नाही आणि जो कार्यशाळेत सुटू शकतो किंवा निदान तो सोडवायचा कसा, हे तिथे शिकता येईल.

तुमच्या पत्राचा कणा हा प्रश्नच असतो. ‘मला निसर्ग आवडतो’ हे कारण ढिगातल्या प्रत्येक पत्रात सापडेल. ‘मला हे कळत नाही आणि ते मला तुमच्याकडे शिकायचं आहे’ हे मात्र तुमचं एकट्याचं. परीक्षकही बहुधा निसर्गात फिरणारी माणसं असतात. त्यांना असा प्रश्न दिसला की उत्तर द्यावंसं वाटतं, आणि उत्तर द्यायचं तर तुम्हाला बोलवावं लागतं.

वाघ बघायची इच्छा हे नागपुरात सगळ्यात कमकुवत कारण. आपल्या शहराला ‘टायगर कॅपिटल’ म्हणतात, सगळी मुलं तेच लिहितात आणि वाघ दाखवण्याची हमी कोणताच आयोजक देऊ शकत नाही. वाघावरच लिहायचं असेल तर वाघाबद्दल असं काही विचारा, जे वाघ न दिसताही शिकता येईल : ठशावरून पुढचा पाय की मागचा हे कसं ओळखतात, झाडावरच्या ओरखड्यांची उंची का मोजतात.

शब्दांचं बजेट

३०० शब्द म्हणजे फुलस्केपचं जेमतेम सव्वा ते दीड पान. त्यांची वाटणी आधीच करून ठेवा. सुरुवातीला ४०, निरीक्षणाला ९०, प्रश्न आणि मागणीला ८०, परीक्षकाच्या शंकेला ५०, कार्यशाळेनंतर काय कराल त्याला ४०. हे आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, पण निरीक्षण ५०च्या खाली गेलं की पत्र पोकळ वाटायला लागतं. सुरुवात १००वर गेली की प्रस्तावनाच होते.

सुरुवात कशी बिघडते, ते पाहा. ही नेहमीची :

‘निसर्ग ही मानवाला मिळालेली अनमोल देणगी आहे. झाडे आपल्याला प्राणवायू देतात. आज प्रदूषणामुळे पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे. म्हणून निसर्गाचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे. मला लहानपणापासून निसर्गाची खूप आवड आहे.’

यात एकही वाक्य खोटं नाही, पण हे पत्र नागपूरच्या सातवीतल्या मुलीचं की कोल्हापूरच्या दहावीतल्या मुलाचं, ते सांगता येणार नाही. आता हे वाचा :

‘आमच्या शाळेत हातपंपामागे गोडनिंबाचं झाड आहे. त्याच्या एका फांदीवर सहा अळ्या होत्या. पहिल्या दिवशी मला वाटलं पानांवर चिमणीने घाण केली आहे, कारण त्या तशाच दिसत होत्या, काळपट-पांढऱ्या. नंतर त्या हिरव्या झाल्या. काडी लावली तर एकीच्या डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर आली आणि उग्र वास आला. सोमवारी सहा होत्या, गुरुवारी दोन. कोष एकही सापडला नाही. बाकीच्या चार कोणी नेल्या, मुंग्यांनी, पक्ष्यांनी की त्या दुसरीकडे जाऊन कोष करून बसल्या? हे कसं शोधायचं ते मला माहीत नाही.’

ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. लिंबू, संत्रा, गोडनिंब (कढीपत्ता) अशा झाडांवर ती वाढते. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचलं तर वास सोडणारा अवयव बाहेर काढते. पण हे पत्र लिहिणाऱ्या मुलीने हे नाव लिहिलेलं नाही आणि ते नसल्याने काहीच अडत नाही. उलट तिने आकडे दिले, वार दिले, आधी काय चुकीचं वाटलं तेही लिहिलं, आणि शेवटी आपल्याला काय येत नाही ते सांगितलं. यापुढे मागणी आपोआप येते : ‘तुमच्या कार्यशाळेत कीटकांच्या नोंदी कशा ठेवायच्या हे शिकवणार आहात. मला ते हवं आहे.’

मागणी सरळ करा. ‘संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन’ ही मागणी झाली नाही, तो शिष्टाचार झाला. कार्यक्रमपत्रिकेतल्या एखाद्या सत्राचं नाव घ्या आणि त्याचा तुमच्या प्रश्नाशी काय संबंध आहे ते एका वाक्यात लिहा.

समोरच्याची शंका तुम्हीच काढा

हा भाग मुलं टाळतात, आणि टाळला की पत्र विनवणीचं होतं. परीक्षकाच्या मनात काय येईल, याचा विचार करा. हा मुलगा फक्त सहलीसाठी तर येत नाही ना? दोन दिवसांनी सगळं विसरणार नाही ना? पाचवीतली मुलगी, तीन तास चालेल का? यातली जी शंका तुम्हाला लागू पडते तेवढीच घ्या आणि पुरावा देऊन उत्तर द्या. ‘मी कधीच कंटाळणार नाही’ हे वचन आहे, पुरावा नाही. ‘गेल्या आठवड्यात मी पाच दिवस रोज पंधरा मिनिटं एकाच झाडापाशी बसले, वहीच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे’ हा पुरावा. (जोडपत्रं चालतात का, ते मात्र सूचनेत बघून घ्या. चालत नसतील तर जोडू नका, नुसता उल्लेख करा.)

शेवटचे ४० शब्द कार्यशाळेनंतरच्या कामाला. इथे ‘मी समाजात जनजागृती करीन’ असं येऊ देऊ नका. शाळेच्या फळ्यावर दर सोमवारी त्या आठवड्यात दिसलेल्या पक्ष्याचं नाव लिहीन, गोडनिंबाच्या झाडाची वही वर्गात फिरती ठेवीन, असलं लहान आणि करता येण्याजोगं काही लिहा. अख्ख्या वर्गाची प्रवेशिका असेल तर कोण काय करणार हेही लिहावं, कारण तिथे परीक्षकाची पहिली शंका हीच असते की पत्र एकाने लिहिलं आणि बाकीचे चाळीस नुसते बसमध्ये बसणार आहेत.

माहिती तपासा

एक चुकीचं विधान बाकीच्या चांगल्या मजकुरावर पाणी फिरवतं. काही चुका वर्षानुवर्षं येतात. अंगणातल्या खारीला शेकरू लिहिणं ही त्यातली पहिली. शेकरू म्हणजे जंगलात उंच झाडांवर राहणारी मोठी खार, आपला राज्यप्राणी. दुसरी, बिबट्याला चित्ता म्हणणं. भारतातले चित्ते नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ पासून आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले, नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात नव्हे. तिसरी, पिंपळ चोवीस तास प्राणवायू सोडतो. प्राणवायू बाहेर पडायला उजेड लागतो, पिंपळालाही. आणि ‘मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल’ हे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर खपवू नका. तो तसं म्हणाल्याचा पुरावा नाही.

आकडे मोजकेच द्या आणि जमेल तिथे तुमच्या वहीतलेच द्या. ‘दरवर्षी इतके लाख हेक्टर जंगल नष्ट होतं’ हा आकडा तुम्ही मोजलेला नाही आणि त्यावर तुमची निवड ठरणारही नाही. गावाशी जोडणारा एखादा खरा धागा मिळाला तर तो अशा दहा आकड्यांना भारी पडतो. नागपूरच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग पेंच नदीवरच्या धरण प्रकल्पातून येतो. शिबिर पेंचला असेल तर ‘मी रोज जे पाणी पिते ते जिथून येतं ती जागा मी पाहिलेली नाही’ हे साधं वाक्य पुरेसं आहे.

खर्डा, काटछाट, पक्की प्रत

पहिला खर्डा शब्दमर्यादा विसरून एका बैठकीत लिहा. साडेचारशे-पाचशे शब्द होतील, होऊ द्या. एक रात्र जाऊ द्या आणि मग कापा. आधी विशेषणं जातील : सुंदर, मनमोहक, नयनरम्य, हिरवागार. मग एकच गोष्ट दोनदा सांगणारी वाक्यं. मग सुविचार आणि कवितेच्या ओळी, त्या पाठ असल्या तरी. बहुतेक खर्ड्यांत पहिला परिच्छेद पूर्ण काढला तरी चालतं, कारण खरी सुरुवात दुसऱ्यात असते.

त्यानंतर मोठ्याने वाचा, घरात कोणाला तरी ऐकवून. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. ऐकणाऱ्याला एकच विचारा : ‘मला तिथे कशासाठी जायचं आहे?’ उत्तर एका वाक्यात आलं नाही तर मागणीचा परिच्छेद पुन्हा लिहा. ‘झाडं’ की ‘झाडे’, ‘आहे’ की ‘आहेत’ यातलं वळण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवा.

हाताने लिहिणार असाल तर पांढरा किंवा रेघांचा फुलस्केप, एकाच बाजूला, डावीकडे दीड इंच समास, निळी किंवा काळी शाई. जेल पेन घामाने पसरतं आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हात कागदाला चिकटतोच, म्हणून हाताखाली दुसरा कागद ठेवा. नक्षीदार किनारी, चिकटवलेली फुलपाखरं, स्केचपेनने रंगवलेलं शीर्षक यांत अख्खा दिवस जातो आणि गुण बहुधा मिळत नाहीत. तो दिवस निरीक्षणाला द्या. निरीक्षण दाखवणारं एखादं पेन्सिलचं चित्र मात्र कामाला येतं, परवानगी असेल तर.

मोबाइलवरून पाठवायचं असेल तर ट्यूबलाइटखाली फोटो काढू नका, हाताची सावली पडते. दिवसा खिडकीजवळ कागद सपाट ठेवून, बरोबर वरून काढा किंवा स्कॅनच्या ॲपमधून एकच पीडीएफ करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की अक्षरं फिकट होतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. फाइलचं नाव आयोजकांनी सांगितलं असेल तसंच द्या. मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का लागत असेल तर तो शेवटच्या दिवसाआधी तीन दिवस घ्या. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या नेमक्या मध्ये येतात आणि कार्यालय बंद असतं. पाठवण्याआधी एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

आई-बाबा आणि सर-मॅडमसाठी

मदत करा, पण प्रश्न विचारून. तू काय पाहिलंस, किती होते, त्याआधी काय झालं, तुला काय कळलं नाही, ते कळल्यावर काय करशील? एवढ्या पाच प्रश्नांवर खर्डा निम्मा सुधारतो. पेन तुमच्या हातात गेलं की ‘अविभाज्य’, ‘समतोल’, ‘संवर्धनाची नितांत गरज’ असे शब्द येतात आणि सहावीच्या अक्षरात ते विचित्र दिसतात. निबंधमालेतला परिच्छेद किंवा चॅटजीपीटीने लिहून दिलेलं पत्र गुळगुळीत असतं, हातपंपामागचं झाड त्यात नसतं. मुलांच्या वाक्यातली एखादी अडखळ राहिली तर राहू द्या. शुद्धलेखन सुधारायला हरकत नाही, वाक्य बदलायला आहे.

वर्गातून अनेक प्रवेशिका जात असतील तर मैदानाचे भाग मुलांत वाटून द्या. नाहीतर एकाच गोडनिंबावर तीस पत्रं जातात आणि सगळ्यांत अळ्या सहाच निघतात.

निवड झाली तर

पालकांचं संमतीपत्र लगेच भरून द्या. त्यात ॲलर्जी, दमा, रोजची औषधं हे रकाने मोकळे सोडू नका. कपडे मातकट किंवा हिरवट, पूर्ण बाह्यांचे. पांढरे आणि भडक नको. सँडल नको, बूट हवेत. टोपी, किमान एक लिटर पाणी, कोरडा खाऊ. आणि ती निरीक्षणाची वही सोबत न्या. पत्रात लिहिलेला प्रश्न पहिल्याच सत्रात विचारा, कारण शेवटी वेळ कमी पडतो आणि सगळी मुलं बसकडे पळतात.